लेखक, वाचक आणि ऑनलाइन कट्टा

मेट्रोने साकीनाक्याला उतरून, अंधेरी-कुर्ला रोडचं ते ट्रॅफिक ओलांडून तुम्ही वेळेवर आलात, म्हणजे विषयात रस आहे हे नक्की. घरी बसून ऐकणाऱ्यांचं आणि नंतर हे वाचणाऱ्यांचंही स्वागत.

आम्ही काही वर्षं दोन कामं एकत्र करतो आहोत. नव्या लेखकांच्या पुस्तकांचं संपादन आणि ऑनलाइन वाचकगटांची देखरेख. त्यामुळे दोन्हीकडच्या तक्रारी आमच्या कानावर येतात. लेखक म्हणतात, ‘गटात एवढे हजार सभासद, पण पुस्तक कोणी घेत नाही.’ वाचक म्हणतात, ‘हे लोक फक्त स्वतःचं पुस्तक विकायला येतात, एरवी दिसत नाहीत.’ गंमत अशी, की दोघांचंही खरं असतं. आज आपण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल बोलणार आहोत.

आधी पैशांचं बोलून घेऊ, कारण मराठीत ते कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती पूर्वी हजार-अकराशे प्रतींची असायची. आता पाचशे, कधीकधी तीनशेच. कथा-कवितांच्या बाबतीत छपाईचा खर्च बरेचदा लेखक स्वतःच उचलतो. मग एके दिवशी टेम्पो येतो आणि पाचशे प्रतींचे खोके वन रूम किचनमध्ये दिवाणाखाली जातात. प्रकाशन समारंभाला पन्नास खपतात. नातेवाइकांना, ऑफिसात, सोसायटीत पन्नास वाटल्या जातात, त्यातल्या बऱ्याच फुकट. उरल्या चारशे. घरची मंडळी काही बोलत नाहीत, पण दिवाळीची साफसफाई आली की ते खोके हलवावे लागतात आणि तेव्हा जे बोललं जातं ते लेखकाला लागतं. आम्ही अशी घरं पाहिली आहेत. दुसरं पुस्तक लिहायचं की नाही, हा निर्णय कित्येकदा त्या खोक्यांपाशीच होतो.

दुकानात पुस्तक ठेवायचं म्हणाल, तर आपल्या भागातली स्थिती तुम्हाला ठाऊक आहे. नवं मराठी पुस्तक हातात घेऊन चाळायचं तर बहुतेक जण अजूनही मेट्रोने घाटकोपर आणि तिथून मध्य रेल्वेने दादर गाठतात. आयडियलच्या टेबलापाशी उभं राहून पानं उलटतात. नव्या लेखकाचं पुस्तक त्या टेबलावर असेलच असं नाही, आणि असलं तरी ते किती दिवस राहणार? दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची जागाच तेवढी.

म्हणून लेखक मोबाइल उघडतो. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. म्हणजे एका भरलेल्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी पुस्तक घेतलं की आवृत्ती संपली! हे गणित प्रत्येक नवा लेखक मनात करतो. मुखपृष्ठाचा फोटो, किंमत, सवलत, क्यूआर कोड, खाली हात जोडलेली दोन चित्रं असा मजकूर तयार होतो आणि पंधरा ग्रुपांत एकाच दुपारी टाकला जातो. चार अंगठे येतात, दोन ‘अभिनंदन’ येतात. प्रत एकही जात नाही.

असं का होतं? गणितात चूक नाही. चूक ही, की ग्रुपमधला सभासद हा तुमचा वाचक धरलेला आहे. तो वाचक आहे हे खरं, पण तो अजून तुमचा नाही. गटात लोक जाहिरात बघायला येत नाहीत, गप्पा मारायला येतात. नाक्यावरच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी पाच-सहा जण बसतात, तिथे एखादा अनोळखी माणूस येऊन थेट म्हणाला, ‘माझ्याकडे मिक्सर आहे, साडेबाराशेला, घ्या,’ तर लोक काय करतील? हसतील आणि आपल्या गप्पा पुढे चालू ठेवतील. पण रोज बसणारा एखादा म्हणाला, ‘अरे, मी एक छोटं वर्कशॉप टाकलंय,’ तर सगळे माना वळवतील. मिक्सर तोच असेल. माणूस ओळखीचा आहे.

हे काही इंटरनेटमुळे आलेलं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमाने दिली. वाचकाला पुस्तक मिळालं ते नंतर, आधी त्याला यमू भेटली, आठवड्याआठवड्याने. पुस्तक निघेपर्यंत यमू अनेकांच्या घरातली झालेली होती. ज्ञानकोशकार केतकरांचं उदाहरण आणखी रोखठोक. एवढा मोठा कोश काढायला पैसा हवा होता. त्यांनी मंडळी स्थापन करून भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. आज त्याला क्राउडफंडिंग म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा होतात.

पण आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण आहे ग्रंथालीचं. १९७४ मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली, तेव्हा तिला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. ती नुसती नावाची हौस नव्हती. वाचक आधी एकत्र करायचे, त्यांच्याशी बोलत राहायचं आणि मग पुस्तक काढायचं, असा तो उलटा क्रम होता. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलं. तसं आत्मकथन त्याआधी मराठी मध्यमवर्गीय वाचकाने हातात धरलेलं नव्हतं. ते त्याच्यापर्यंत पोचलं याचं श्रेय अर्थात आधी पुस्तकाचंच. पण जोडलेले, बोलणारे वाचक तयार असल्याचा वाटाही त्यात होता असं आम्हाला वाटतं.

आता ऑनलाइन कट्ट्यांकडे येऊ. मराठी माणूस इथे उशिरा आला असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. ‘मायबोली’ १९९६ साली सुरू झाली, तीही अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या पुढाकाराने. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. घरापासून दूर असलेल्या लोकांना मराठीत बोलायला जागा हवी होती, ही त्यामागची गरज. मग ‘मनोगत’ आलं, २००७ मध्ये तात्या अभ्यंकरांचं ‘मिसळपाव’ आणि त्याच वर्षी ‘उपक्रम’, २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’. या ठिकाणांनी स्वतःची एक बोलीच तयार केली. नव्या लेखाला ‘धागा’ म्हणायचं. पुढच्या भागाची वाट बघतोय हे सांगायला ‘पुभाप्र’. शुभेच्छा द्यायच्या तर ‘पुलेशु’. कोणी रोज एक कच्चा लेख टाकायला लागला, तर ‘जिलबी पाडली’. खोट्या दुसऱ्या नावाने वावरणारा असेल तर ‘डुआयडी’. हे शब्द ऐकून हसू येतं, पण त्यांत या जागांचे सगळे नियम आलेत. काय आवडतं, काय सहन होतं आणि काय मुळीच चालत नाही, हे त्या पाच शब्दांवरून कळतं.

त्यातला ‘पुभाप्र’ लेखकासाठी फार मोलाचा. या संकेतस्थळांवर लोकांनी आख्ख्या कादंबऱ्या भागाभागाने लिहिल्या. ‘बेफिकीर’ या नावाने मायबोलीवर लिहिणाऱ्या लेखकाची ‘हाफ राईस दाल मारके’ अनेकांना आजही आठवते. भाग आला की खाली प्रतिसाद. कोणी म्हणतं, इथे हे पात्र असं बोलणार नाही. कोणी म्हणतं, त्या गावाला रेल्वे स्टेशनच नाही हो! कोणी नुसतं ‘वाचतोय’ लिहून जातं, आणि लेखकाला पुढचा भाग लिहायला तेवढं पुरतं. हरिभाऊंच्या काळी वाचकाचं पत्र यायला वेळ लागायचा, इथे अर्ध्या तासात येतं. बाकी यंत्रणा तीच.

परदेशातलं याचं नाव घेण्यासारखं उदाहरण म्हणजे अँडी विअर. धंद्याने प्रोग्रॅमर. त्याने ‘द मार्शियन’ ही कादंबरी २००९ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करत फुकट टाकली. मंगळावर अडकलेल्या माणसाची गोष्ट, त्यामुळे वाचकांत विज्ञानाची जाण असलेले बरेच. ते चुका काढायचे, तो दुरुस्त करायचा. वाचकांनीच मागणी केली म्हणून किंडलवर ठेवली, २०११ मध्ये, ९९ सेंटला. तीच कादंबरी २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनाने छापली आणि पुढच्या वर्षी सिनेमा आला. सगळ्यांचं असं होत नाही, शंभरातल्या एकाचंही होत नाही. आम्ही हे उदाहरण देतो ते यशासाठी नाही. पुस्तक विकायला आलं तेव्हा ते घ्यायला थांबलेले लोक तिथे आधीच होते, त्यांतल्या काहींनी ते पुस्तक सुधारायला मदतही केली होती, यासाठी देतो. ज्याने तुमची चूक काढलीय आणि तुम्ही ती मानलीय, तो वाचक पुस्तक घेतोच, आणि चार जणांना सांगतो की ते स्टेशनाचं मीच सांगितलं होतं. (हशा)

इथे एक व्यावहारिक प्रश्न नेहमी येतो. सगळंच फुकट दिलं तर पुस्तक कोण घेणार? सगळं देऊ नका. अमीश त्रिपाठींच्या पहिल्या पुस्तकाचं, ‘इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा’चं, पहिलं प्रकरण छोट्या पुस्तिकेच्या रूपात छापून दुकानांतून फुकट वाटलं होतं, २०१० मध्ये. ते मुंबईतले, विमा कंपनीत नोकरी करणारे. प्रकाशकांनी नकार दिल्यावर त्यांनी हा मार्ग घेतला. एक प्रकरण पुरतं. वाचकाला तुमची भाषा झेपते का, आवडते का, हे दहा पानांत कळतं. मुखपृष्ठाच्या फोटोवरून काहीच कळत नाही, आणि तरी आपण मुखपृष्ठाचाच फोटो टाकत राहतो.

आणि मराठीत ते प्रकरण टाकण्यात एक अडचण आहे, जिच्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. पुस्तकाची अक्षरजुळणी बरेचदा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होते. छापील पान देखणं येतं. पण त्यातला मजकूर उचलून फेसबुकवर चिकटवला, की भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण तो युनिकोडमध्ये नसतो. मग लेखक काय करतो, तर पानाचा फोटो काढून टाकतो. फोटोतला मजकूर शोधात सापडत नाही, मोबाइलवर वाचताना डोळे दुखतात, कोणाला एखादी ओळ आवडली तर ती उचलून दुसऱ्याला पाठवता येत नाही. म्हणून छापखान्याशी बोलतानाच सांगा, अंतिम दुरुस्त्या झालेला मजकूर आम्हाला युनिकोडमध्ये हवा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, पुन्हा वाचून घ्यावं लागतं. दोन दिवसांचं काम आहे. आम्ही म्हणू, प्रकाशन समारंभाच्या हारतुऱ्यांपेक्षा हे दोन दिवस जास्त कामाला येतात.

बरं, जायचं कुठे? सगळे लेखक साहित्याच्या गटांत जातात. तिथे गर्दी लेखकांचीच असते. प्रत्येकाच्या घरी दिवाणाखाली खोके! तुमचं पुस्तक ज्या विषयाचं आहे त्या विषयाची माणसं कुठे जमतात, ते बघा. देविदास सौदागर यांची ‘उसवण’ ही कादंबरी घ्या. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिंपीकाम केलेले, कादंबरीही शिंप्याच्याच आयुष्याची. आता आपल्याकडे खैराणी रोडला एखाद्या गाळ्यात मशीनवर बसलेला मराठी कारागीर असेल, तर त्याला साहित्यविषयक गटात कोण बोलावणार? पण टेलरिंगचं काम करणाऱ्यांचे स्वतःचे ग्रुप असतात. तिथे कापडाचे भाव, सुट्या भागांची चौकशी, उधारीच्या तक्रारी चालतात. अशा ठिकाणी त्या कादंबरीतलं एखादं पान गेलं तर ते ‘साहित्य’ म्हणून वाचलं जाणार नाही, आपली गोष्ट म्हणून वाचलं जाईल. ट्रेकिंगवर लिहिलंत तर भटक्यांच्या गटात जा, नर्सच्या नोकरीवर लिहिलंत तर परिचारिकांच्या. संख्या कमी असेल, चालेल.

आता न करण्याच्या गोष्टी. पटापट सांगतो, कारण त्या तुम्हाला माहीत आहेत आणि तरी केल्या जातात. न विचारता नव्वद जणांना टॅग करू नका. दुसऱ्याच्या पुस्तकावर चर्चा चालू असताना ‘याच विषयावर माझंही पुस्तक’ असं मध्ये घुसू नका. गटाचे नियम वाचा. मायबोलीसारख्या ठिकाणी जाहिरातींसाठी वेगळा विभाग आहे, तो त्यासाठीच. आणि व्यवस्थापकाला आधी विचारा, एक ओळ पुरते. आम्ही त्या खुर्चीवर बसतो म्हणून सांगतो, विचारणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

मात्र एका गोष्टीवर थोडं थांबू, ती म्हणजे खोटी स्तुती. डुआयडी घेऊन स्वतःच्या पुस्तकाची वाहवा करायची ही युक्ती जुनी आहे. वॉल्ट व्हिटमनसारख्या महाकवीने १८५५ मध्ये ‘लीव्हज ऑफ ग्रास’ची परीक्षणं निनावी स्वतःच लिहून छापून आणली होती. तो काळ वेगळा होता, पचून गेलं. २०१२ मध्ये आर. जे. एलरी या इंग्लंडच्या रहस्यकथाकाराने ॲमेझॉनवर खोट्या नावांनी स्वतःची स्तुती आणि इतरांची निंदा केल्याचं उघड झालं, त्याला जाहीर माफी मागावी लागली. मराठी संकेतस्थळांवर तर हे पकडणं फारच सोपं. माणूस नाव बदलतो, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याच ठेवतो! एकाच प्रकारे ‘आणी’ लिहिणारे दोन आयडी दिसले, की जुने सभासद लगेच ओळखतात. आणि एकदा ओळखलं की त्या लेखकाचं नाव निघालं की तेच निघतं, पुस्तक निघत नाही.

पैसे देऊन किंवा फुकट प्रत देऊन लिहून घेतलेल्या परीक्षणाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. प्रत द्या, त्यात गैर काही नाही. वर्तमानपत्रांकडे अभिप्रायार्थ प्रती जातातच की. पण लिहिणाऱ्याने ‘प्रत लेखकाकडून मिळाली’ असं लिहावं. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘ॲस्की’ने, २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावी मंडळींसाठी असा नियमच केला आहे, की पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते स्पष्ट सांगायचं. नियम मोठ्या ब्रँडांसाठी आहे असं समजू नका. आणि नियमाचं सोडा, वाचकाला ती ओळ दिसली की त्याचा विश्वास वाढतो, कमी होत नाही.

खरी शिफारस कशी असते ते बघायचं तर शरद बाविस्कर यांचं ‘भुरा’ आठवा. २०२१ मध्ये लोकवाङ्मय गृहाने काढलेलं. दहावीत नापास झालेला धुळ्याकडचा मुलगा जेएनयूत प्राध्यापक होतो, ही त्याची कहाणी. त्यावर फेसबुकवर लोकांनी जे लिहिलं, त्यात परीक्षण कमी आणि स्वतःचं सांगणं जास्त होतं. मीही नापास झालो होतो, माझ्याही आईने असं केलं होतं. असं लिहायला लेखक कोणाला सांगू शकत नाही, पैसे देऊन तर मुळीच नाही. वाचक आपलं काही सांगतो तेव्हा लेखकाने तिथे जाऊन दोन ओळी वाचकाच्या गोष्टीबद्दल लिहाव्यात, पुस्तकाबद्दल नव्हे. ‘धन्यवाद, लिंक खाली आहे’ एवढंच लिहिलं, तर तो संवाद संपलाच.

आता जागेचा प्रश्न, आणि हा साकीनाक्याच्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. इथे गाळा भाड्याने घेऊन धंदा करणारा प्रत्येक जण जाणतो, की गिऱ्हाईक जमवलं आपण, पण जागा दुसऱ्याची. मालकाने अकरा महिन्यांनी करार वाढवला नाही तर पाटी उतरवून निघावं लागतं. ऑनलाइन सगळे लेखक भाडेकरूच. ऑर्कुटवर पुलंच्या चाहत्यांपासून कितीतरी मराठी समूह भरात होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. टिकटॉकवर जून २०२० मध्ये एका रात्रीत बंदी आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात याहू ग्रुप्स बंद झाले, जिथे परदेशातल्या मराठी मंडळांचे कितीतरी गट होते. फेसबुकवर मैत्रीची मर्यादा पाच हजारांची, आणि त्या पाच हजारांपैकी कोणाला तुमचं लिखाण दाखवायचं हे फेसबुक ठरवतं.

म्हणून आमचा आग्रह असतो, की एक वही ठेवा. खरोखरची वही किंवा एक्सेलची फाइल. ज्याने तुमचं पुस्तक विकत घेतलं त्याचं नाव, गाव, फोन किंवा ईमेल, आणि त्याने काय म्हटलं ते. अर्थात त्याला विचारून, ‘पुढचं पुस्तक आलं तर कळवू का?’ म्हणून. हो म्हणाला तरच लिहायचं. दीडशे नावांची अशी वही म्हणजे पुढच्या पुस्तकाची प्रकाशनपूर्व नोंदणी. केतकरांकडे हीच वही होती.

पाठवण्याच्या खर्चाचं एक सांगायला हवं. अडीचशे रुपयांचं पुस्तक दुकानातून गेलं तर विक्रेता आणि वितरक यांचं कमिशन जाऊन हातात फार थोडं येतं. थेट विकलं तर जास्त उरतं, पण पाठवणावळ आपल्याला. पोस्टाची छापील पुस्तकांसाठी जी स्वस्त नोंदणीकृत सेवा होती ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि छोट्या लेखक-प्रकाशकांना तो मोठा फटका बसला. आता एकेक प्रत पाठवण्यापेक्षा लोक एका गावातल्या चार-पाच वाचकांच्या प्रती एकत्र पाठवतात. त्यातला एक वाचक त्या वाटतो. यात पैसे वाचतातच, शिवाय त्या चौघांची एकमेकांशी ओळख होते. सांगलीत आमच्या ओळखीच्या एका लेखिकेच्या वाचकांचा छोटा अड्डा असाच जमला आहे.

प्रश्न आले आहेत, दोन घेतो.

‘आमच्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर फिरते, काय करावं?’ तुमची परवानगी नसेल तर तो कॉपीराइट कायद्याचा भंग आहे. १९५७ चा कायदा आहे, लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. ग्रुपच्या व्यवस्थापकाला सभ्यपणे, पण लेखी कळवा. बहुतेक जण काढून टाकतात, कारण पीडीएफ फिरवणाऱ्याला आपण चोरी करतोय हे वाटतच नसतं, त्याला वाटतं आपण वाचनसंस्कृती वाढवतोय. ग्रुपवर भांडू मात्र नका, भांडणामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही फाइल मिळते. ज्यांना स्वतःहून फुकट द्यायचं आहे त्यांच्यासाठी ई-साहित्य प्रतिष्ठानसारखी जागा आहे, तिथे लेखकाच्या संमतीने ई-पुस्तकं वाचकांना विनामूल्य दिली जातात. आपण होऊन देणं वेगळं आणि कोणी उचलून नेणं वेगळं.

दुसरा प्रश्न एका ताईंचा आहे. ‘माझ्या घरी कवितासंग्रहाच्या साडेतीनशे प्रती आहेत, पुस्तक येऊन दोन वर्षं झाली. आता उशीर झाला का?’ ताई, कवितेला दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. वर्तमानपत्रासाठी ते पुस्तक जुनं आहे, ज्याने वाचलेलं नाही त्याच्यासाठी नवंच आहे. तुम्ही असं करा. संग्रहातल्या दहा कविता निवडा, युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. एका गटात, फक्त एकाच, आधी महिनाभर इतरांचं वाचा आणि मनापासून लिहा. मग पंधरा दिवसांनी एक या हिशेबाने कविता टाका, खाली पुस्तकाचं नाव एका ओळीत, किंमत नको. कोणी विचारलं तर किंमत सांगा. आवाज चांगला असेल तर दोन कविता मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करा, पंखा बंद करून. महिन्याला पाच प्रती गेल्या तरी वर्षाला साठ होतात. आणि प्रत पाठवताना आत एक चिठ्ठी हाताने लिहून घाला, त्यावर तुमचा नंबर. पहिला वाचक फोन करेल तेव्हा आम्हालाही कळवा.